चालत्या यंत्राला म्हातारं कोण ठरवतं?

किल्लीवाला (धागालेखक)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येकाकडून एकच प्रश्न येतोय: "मग आता नवीन लॅपटॉप घ्यायचा का?" घ्यायचा तर घ्या, पण कशासाठी? पडदा स्वच्छ दिसतोय, कळा चालतायत, पंखा घरघरतो पण तो पहिल्या दिवसापासून घरघरतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसर ठरलेल्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर थोडे अपवाद सोडून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. यादीत नाव नाही म्हणून काल धडधाकट असलेलं यंत्र आज म्हातारं. सुरक्षा-दुरुस्त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, ती संपली की पुन्हा तोच प्रश्न.

यावर मी "लिनक्स टाका" म्हणतो, म्हणजे विंडोजच्या जागी दुसरी, कुणालाही वापरता-बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि समोरचा मान डोलावून विषय बदलतो. त्यात त्याची चूक नाही. आम्ही प्रचारकांनीच इतकी वर्षं भलती कारणं पुढे केली. म्हणे फुकट आहे. फुकट तर कितीतरी बंदिस्त गोष्टी मिळतात. म्हणे वेगवान आहे. ते यंत्रावर आणि तुम्ही निवडलेल्या डेस्कटॉपवर (पडद्यावरच्या मांडणीवर) ठरतं. म्हणे व्हायरस येत नाही. सर्व्हर फोडू पाहणाऱ्यांना विचारा, त्यांचा डोळा लिनक्सवरच असतो.

माझं कारण वेगळं आहे. इंग्रजीतल्या 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ कोंबलेत, त्यामुळे तिकडे चाळीस वर्षं खुलासे चालू आहेत. आपल्याकडे मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं, प्रश्नच नव्हता. तरी आपण 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणून तो गोंधळ उसना आणला. मला बोलायचंय ते मुक्त सॉफ्टवेअरबद्दल. रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत होता तेव्हा त्यांच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय त्यांनी स्वतःच प्रोग्राममध्ये करून घेतली होती. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्यात बदल करता येतो) आला नाही. कागद अडकायचा तो अडकतच होता, फक्त आता त्यावर इलाज करायला मनाई होती. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही चीड होती.

त्यातून चार स्वातंत्र्यं आली, मोजणी शून्यापासून (प्रोग्रामरची खोड). हव्या त्या कामासाठी चालवणं, आतून बघून बदलणं, प्रती वाटणं, आणि बदललेल्या प्रतीही वाटणं. माझा मुद्दा एवढाच, की ही चार हातात असली तर यंत्र कधी निवृत्त करायचं हे बाहेरचा कुणी परस्पर ठरवू शकत नाही. यंत्र तुमच्या ताब्यात येतं. वेगाचं, दिसण्याचं, सोयीचं नंतर बोलू.

---

आकडेमोड

मुद्दा पटला, पण माझं पोट एक्सेलच्या एका फाइलीवर आहे. अकरा शीटं, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेले मॅक्रो (फाइलीत बसवलेले छोटे प्रोग्राम). लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडली. उघडली हे खरं, पण तीन बटणं मेली आणि एका शीटवर गोल फिरणारी चूक दाखवते. मॅक्रो पुन्हा लिहायला महिना जाईल, आणि तो महिना मला कोण देणार?

---

किल्लीवाला

@आकडेमोड, तुम्ही विंडोजवरच राहा. खरंच सांगतोय, टोमणा नाही. लिब्रेऑफिस साधी शीटं, सूत्रं, पिव्हट नीट हाताळतं. मॅक्रोंच्या बाबतीत मी कुणाला शब्द देणार नाही. फक्त उद्या नवीन फाइल सुरू कराल ती कुठल्या साच्यात जतन करायची, एवढा विचार करा. ओडीएफ हा फाइलींचा खुला साचा २००६ पासून आयएसओ या जागतिक संस्थेचं मानक आहे, तो कुठल्याही एका कंपनीच्या मर्जीवर नाही.

---

तिरपागडे

चार स्वातंत्र्यं ऐकायला छान. त्यातलं दुसरं, म्हणजे तुमच्या मोजणीत पहिलं: आतून बघून बदलणं. या धाग्यावर किती जणांनी आजवर एक ओळ तरी बदलली आहे? हात वर करा. लाखो ओळींचा कोड 'खुला' आहे म्हणून मला काय फरक पडतो? मी वाचणार नाही, माझा शेजारी वाचणार नाही, आणि सगळ्यांना वाटतं दुसरं कुणीतरी वाचत असेल. २०१४ मधलं हार्टब्लीड आठवतंय का? इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधलं ते भोक दोन वर्षं उघड्यावर पडून होतं.

आणि हो, लिनक्सही जुनी यंत्रं सोडतंच. ते सोयीस्करपणे राहिलं.

---

मूकवाचक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

पडद्यामागे

@तिरपागडे, हार्टब्लीड मान्य. पण त्याहून भारी उदाहरण २०२४ चं आहे आणि ते दोन्ही बाजूंनी कापतं.

एक्सझेड नावाची फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) आहे. जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते, नाव कुणाला ठाऊक नसतं. सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, तोही थकलेला. 'जिआ टॅन' या टोपणनावाने कुणीतरी आलं, दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे दुरुस्त्या पाठवल्या, विश्वास कमावला, प्रकाशनाचे अधिकार मिळवले. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्यातही मेख अशी, की चोरदरवाजा चालू करणारा तुकडा सगळे कोडच्या ज्या भांडारात बघतात तिथे नव्हताच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. म्हणजे तुमचं बरोबर, 'कुणीतरी बघत असेल' हा भरवसा पोकळ होता.

पण सापडला कसा ते बघा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. भलतंच काहीतरी मोजत असताना त्याला दिसलं की एसएसएच (दुरून दुसऱ्या यंत्रात शिरायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण कूस बदलून सोडून दिलं असतं. त्याने धागा पकडून खणत खणत थेट लायब्ररीपर्यंत माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर ते डेबियन या वितरणाच्या (वितरण म्हणजे लिनक्सचा तयार संच) चाचणी शाखांत आणि फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या पुढच्या आवृत्तीच्या वाटेवर पोचलं होतं, स्थिर डेबियनमध्ये नाही. बंदिस्त प्रणालीत त्याला अर्धा सेकंद दिसला असता, पण खणायला कुदळ मिळाली नसती. तक्रार नोंदवून वाट बघावी लागली असती.

एक थकलेला माणूस सगळ्या जगाचा भार वाहत होता, ही लाज मात्र आपल्या सगळ्यांची. फुकट घेतो आणि परत काही देत नाही.

---

जुनंखोड

जुनी यंत्रं सोडण्याबद्दल. हो, सोडतं. इंटेलची ३८६ चिप १९८५ ची. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स तिच्यावरच सुरू केलं. कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) तिचा पाठिंबा काढला २०१२ मध्ये. सत्तावीस वर्षांनी. आणि काढल्यावरही जुना कोड जिथल्या तिथे आहे, कुणाला जपायचा तर जपावा. ३२ बिटवाल्या यंत्रांना आता मोठी वितरणं एकेक करून सोडतायत, त्याचं मला वाईट वाटतं, पण एकाने सोडलं तर दुसरं शोधता येतं. मूळ धाग्यातला मुद्दा हाच आहे असं मी समजतो.

---

तिरपागडे

पर्याय शोधता येतो हे मान्य. पण म्युनिकचं काय? अख्ख्या शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार यंत्रं बदलली, गाजावाजा झाला, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. माघार घेताना त्यांना चार स्वातंत्र्यं आठवली नाहीत.

---

जुनंखोड

राजकारणी बदलले की धोरण बदलतं, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम काय करणार. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या, त्यातल्या काही खऱ्याही असतील. पण मग फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाचंही नाव घ्या. ते आधी ऑफिस सॉफ्टवेअर आणि ब्राउझर बदलून मुक्त झाले, माणसं रुळली, त्यानंतर २००८ पासून उबुंटू या लिनक्स-वितरणावर आधारलेली स्वतःची प्रणाली आणली. आणि २०२४ मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने तीस हजार यंत्रं लिब्रेऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं.

क्रम बघा. आधी प्रोग्राम, मग प्रणाली. जो उलटा क्रम लावतो तो तोंडावर आपटतो. मी स्वतः आपटलोय. एका रविवारी सगळं पुसून नवीन प्रणाली टाकली, सोमवारी सकाळी प्रिंटर ओळख दाखवेना आणि मला बारा पानं छापायची होती.

---

रेघोटी

माझी बाजू. चित्रं काढते. क्रिटा हे मुक्त सॉफ्टवेअर मी विंडोजवर वापरायला लागले आणि आता दुसऱ्या कशातही ब्रश चालवावासा वाटत नाही. पण काम देणाऱ्यांना फोटोशॉपच्याच फाइली हव्या असतात, थर न थर जसाच्या तसा, आणि ॲडोबी लिनक्सवर येत नाही. त्यामुळे लॅपटॉपवर लिनक्स, मोठ्या यंत्रावर विंडोज. दोन डगरींवर पाय म्हणा हवं तर.

ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असेलच, तरी सांगते. ते आधी बंदिस्त होतं. कंपनी बुडाली. गुंतवणूकदार म्हणाले, एक लाख युरो द्या आणि कोड घेऊन जा. वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत पैसे जमवले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते मुक्त झालं. कंपनीबरोबर जे प्रोग्राम गेले ते आज कुठे आहेत, विचारू नका.

---

कोरीपाटी

कुठे आहेत ते मी सांगते. माझ्या कपाटात आहेत.

वीसेक वर्षांपूर्वी वडिलांची पत्रं आणि त्यांनी लिहिलेल्या आठवणी मी संगणकावर उतरवून घेतल्या. शंभरेक पानं. तेव्हा देवनागरी टाइप करायला एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, संगणकाच्या मागे डाँगल (किल्लीसारखा छोटा तुकडा) लावल्याशिवाय चालायचं नाही. तो डाँगल ज्या भोकात बसतो ते भोकच आता कुठल्या यंत्राला नाही. फाइली जपून ठेवल्यात, तीनदा नवीन डिस्कवर हलवल्यात. उघडल्या की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. फाइल माझी, मजकूर वडिलांचा, टंकलेखन माझं, आणि वाचता येत नाही. कागद मूळचे कसरीने खाल्ले.

हा धागा वाचून ते आठवलं. विषयाशी संबंध नसेल तर क्षमस्व.

---

किल्लीवाला

@कोरीपाटी, क्षमा कसली मागता? मी एवढं पाल्हाळ लावून जे सांगू पाहत होतो ते तुम्ही कपाट उघडून दाखवलंत.

---

पडद्यामागे

@कोरीपाटी, मजकूर गेलेला नाही, धीर धरा. ते जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. फाइलीत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की खिचडी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण छपाईच्या आणि टायपिंगच्या कामात ही मुखवट्याची पद्धत त्यानंतरही बरीच वर्षं चालली. कुठलं अक्षर कुठल्या आकाराचं, एवढी कोष्टकं जुळवली की मजकूर युनिकोडमध्ये येतो. लोकांनी अशी रूपांतरकं लिहून खुली ठेवलीत. फॉन्टचं नाव आणि एखादी बिनमहत्त्वाची ओळ व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवा, बघतो.

---

मूकवाचक

वरचा माझा प्रतिसाद दोनदा पडला होता म्हणून काढला, आता नीट लिहितो.

मी पडदा बघत नाही, ऐकतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणाने तो सुरू केला, कारण विकतचे स्क्रीन रीडर संगणकाहून महाग पडायचे. जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे तुमची चारही स्वातंत्र्यं त्यात आहेत. आणि तो फक्त विंडोजवर चालतो. आता मला कुठल्या खान्यात टाकाल?

लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीन रीडर आहे, मी करून बघितलं. एका वितरणात लॉगिनच्या पडद्यावर आवाजच आला नाही. तुमच्या दृष्टीने किरकोळ दोष असेल. माझ्यासाठी ते बंद दार होतं. दहा मिनिटं खुर्चीत नुसता बसून होतो. दुसऱ्या एकात बरं चाललं, पण हाताला बसलेले सगळे शॉर्टकट नव्याने शिकायचे होते. "यंत्र तुमच्या ताब्यात येतं" हे वाक्य लिहिताना कुणाच्या ताब्यात, हेही लिहीत जा.

---

किल्लीवाला

@मूकवाचक, माझ्याकडे याला उत्तर नाही. मी 'सोयीचं नंतर बोलू' असं लिहिलं तेव्हा सोय म्हणजे मला रंग आणि बटणं दिसत होती.

---

रेघोटी

+१ मूकवाचक.

---

खटपट्या

भांडणं झाली असतील तर कामाचं लिहितो. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी, मी पाच-सहा यंत्रांवर हात भाजून घेतल्यावर.

जुनंखोड म्हणाले तो क्रम सोळा आणे. आधी आहे त्याच प्रणालीवर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी, थंडरबर्ड दोन-तीन महिने वापरा. रोजची कामं त्यात होतायत असं दिसलं की पुढचं सोपं. मग वितरणाची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर चढवा आणि त्यावरूनच यंत्र सुरू करा. डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपतो का आणि मुख्य म्हणजे उठतो का. हे एक तास बघितलंत तर पुढचे आठ दिवस वाचतात. नवखे असाल तर मिंट हे वितरण घ्या, वाद घालत बसू नका.

आता खड्डे. विंडोज शेजारी ठेवून लिनक्स टाकणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का बघा. नव्या यंत्रांवर बहुतेकदा तुम्ही न सांगता डिस्क कुलूपबंद झालेली असते आणि तिची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडलेली असते. ४८ आकडी. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) काहीही बदलू नका, नाहीतर पुढच्या वेळी निळा पडदा ती मागत बसेल आणि तुम्ही पासवर्ड आठवत बसाल. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि तुम्ही तिकडून त्याच्या डिस्कवर लिहायला गेलात की घोळ होतो. शिवाय घड्याळ. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). दर वेळी प्रणाली बदलली की घड्याळ काही तास मागेपुढे पळतं. यंत्र बिघडलं समजून मी बॅटरी बदलली होती. हसू नका.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हरवर (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) थोडा वेळ जाईल, पण पूर्वीइतका नाही. खेळांचं म्हणाल तर २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आल्यापासून चित्र पालटलंय. वाल्व्ह कंपनीचं स्टीम डेक हे हातातलं खेळयंत्र लिनक्सवरच चालतं. फक्त ज्या ऑनलाइन खेळांचं फसवणूक-विरोधी सॉफ्टवेअर कर्नलमध्ये घुसून बसतं, त्यातले बरेचसे चालत नाहीत. तेच खेळ खेळणार असाल तर इथेच थांबा.

---

आकडेमोड

वाचनखूण साठवली. बिटलॉकरचं आत्ता बघितलं. चालू आहे. कधी झालं मला माहीत नाही.

---

तिरपागडे

@खटपट्या, ड्रायव्हरवरून आठवलं. हे तुमचं मुक्त मुक्त म्हणता, त्यात वायफायचं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) बंदिस्तच असतं ना?

---

खटपट्या

असतं. डेबियनने वर्षानुवर्षं ते इन्स्टॉलरबाहेर ठेवलं आणि नवखे लोक वायफायशिवाय ताटकळले. मग २०२२ मध्ये त्यांच्यातच मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. कट्टर मंडळींना रुचलं नाही. मला चाललं.

अवांतर: कंपनीने काय दडवलंय हे तिथे निदान मतदान घेऊन, नाव लिहून सांगतात.

---

कोरीपाटी

पडद्यामागे यांनी व्यनितून एक रूपांतरक पाठवलं. ब्राउझरमध्ये उघडणारी एकच फाइल आहे. मजकूर चिकटवला, बटण दाबलं, आणि पहिली ओळ वाचता आली. "चि. बाळास अनेक आशीर्वाद." त्यापुढे थोडा वेळ काही केलं नाही.

आता अडचण. रफार सगळीकडे एक अक्षर पुढे पडतोय आणि काही जोडाक्षरं फुटतायत. 'क्ष' तर कुठेच येत नाही, त्या जागी चौकोन. ते पेज नोटपॅडमध्ये उघडून बघितलं तर आत लांबलचक कोष्टक आहे, डावीकडे खिचडी, उजवीकडे आपली अक्षरं. त्यात 'क्ष' ची ओळच नाही. मी घातली तर चालेल का? काही बिघडेल का?

---

पडद्यामागे

घाला. बिघडलं तर बिघडलं, मूळ फाइल माझ्याकडे आहे. कोष्टकात मोठे तुकडे वर आणि सुटी अक्षरं खाली लागतात, नाहीतर 'क्ष' चे आधीच दोन तुकडे होऊन जातील. रफाराचं थोडं किचकट आहे. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये र् आधी लागतो. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलटं. ते मी बघतो.

---

कोरीपाटी

'क्ष' आला! शिवाय 'ज्ञ' आणि 'श्र' च्या ओळीही घातल्या, त्याही नव्हत्या. "लक्षात ठेव" हे शब्द वडील दर पत्रात लिहायचे, ते आता सगळीकडे नीट दिसतायत. सुधारलेली फाइल परत पाठवू का? आणखी कुणाचा हाच फॉन्ट असेल.

---

तिरपागडे

एक हात वर झाला. मोजला.

---

पडद्यामागे

@कोरीपाटी, पाठवा, मूळ जागी घालतो, तुमच्या टोपणनावानिशी. रफारही जमलाय, नवीन फाइल व्यनित टाकली आहे. आता सगळी शंभर पानं एकदम चालवायच्या आधी मूळ फाइलींची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

---

कोरीपाटी

काढली. तीन.